पोरगं ऐकत नाही की त्याला जमत नाही? एडीएचडी कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

डायरीत लाल पेनाने "वर्गात लक्ष नसते, सतत चुळबूळ, वह्या अपूर्ण" असं लिहून आलं की आपल्याकडे आधी घरी बोलणी बसतात, मग ट्यूशन बदलते, मग कुणीतरी सांगतं ब्राह्मीचं सिरप द्या, कुणी म्हणतं अबॅकसला घाला, आणि या सगळ्यात वर्ष दीड वर्ष आरामात निघून जातं. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं ते) असलेला मुलगा आहे, आणि डॉक्टर, काउन्सेलर, शाळा सगळीकडे फेऱ्या मारून जे डोक्यात बसलंय ते इथे लिहितेय, कुणाचं तरी ते वर्ष वाचलं तर बरं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती कळली नाही तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही. या मुलांना काय करायचं ते माहीत असतं. विचारून बघा, रस्ता क्रॉस करताना काय करायचं? आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, घडाघडा सांगेल. आणि समोर मित्र दिसला की तसाच धावत सुटेल. माहिती असते, ती ऐन वेळेला हाताशी येत नाही. म्हणून रात्री झोपताना कितीही प्रेमाने समजावलं तरी सकाळी पावणेसातला बूट घालताना त्यातलं काही शिल्लक नसतं, आणि आपल्याला वाटतं मुद्दाम करतोय. समजावणं वाढवून काही होत नाही, मदत जिथे अडतंय तिथे आणि अडतंय त्याच वेळी लागते. घरातले नियम, शाळेतली जागा, गोळी, सगळं मी याच हिशोबाने बघते.

असं का होतं तर हा मेंदूच्या वाढीचा मामला आहे, संस्कारांचा नाही. मन आवरणं, थांबणं, पुढचा विचार करणं ही कामं कपाळामागचा मेंदूचा भाग करतो आणि तिथलं डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचं काम या मुलांमध्ये वेगळं चालतं. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या लोकांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले होते, त्यात मेंदूचा वरचा थर पूर्ण जाड व्हायचं वय इतर मुलांत सरासरी साडेसात निघालं आणि एडीएचडीवाल्यांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, फक्त उशिरा. मी याचा घरगुती अर्थ असा घेते की दहा वर्षांच्या पोराकडून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत सात वर्षांच्या पोराइतकीच अपेक्षा ठेवायची. बुद्धीच्या बाबतीत नाही हां, ती सहसा त्याच्या वयाचीच असते, कधीकधी जास्तच.

आणि आनुवंशिकता. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांत एडीएचडीमधला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे उंचीत असतो त्याच्या जवळपास. त्यामुळे आजी जेव्हा म्हणते ना की "याचा बाप पण अस्साच होता, एक दप्तर धड घरी आणलं नाही कधी", तेव्हा ती भांडण मिटवायला बोलत असते पण खरंतर डॉक्टरांना हवी असलेली हिस्ट्री देत असते. लिहून ठेवा ते.

आता ओळखायचं कसं. नुसता मस्तीखोर म्हणजे एडीएचडी नाही. डॉक्टर लोक डीएसएम-५ नावाची निकषांची यादी वापरतात, २०१३ ची आहे, त्यात लक्ष न लागण्याची ९ लक्षणं आणि चंचलपणा-उतावळेपणाची ९. १६ वर्षांपर्यंतच्या मुलात यातल्या एका गटातली तरी किमान ६ लक्षणं हवीत, ६ महिने तरी टिकलेली हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत, काही लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून दिसलेली हवीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन किंवा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त घरी होतं आणि शाळेत बाई म्हणतात गुणी आहे, किंवा उलट, तर आधी त्या एका ठिकाणी काय बिनसलंय ते बघा. आणि त्या लक्षणांमुळे त्याचं खरंच काहीतरी अडायला हवं, अभ्यास, मैत्री, घर काहीतरी.

यादीतली भाषा कोरडी असते, घरात ते असं दिसतं. गणितात बेरजेचं चिन्ह असताना वजाबाकी करून येतो आणि रीत मात्र अचूक. पेपर उलटून मागची बाजू बघतच नाही, दहा मार्क तिथेच गेले. पाण्याची बाटली, स्वेटर, कंपासमधलं कर्कटक, दर आठवड्याला काहीतरी शाळेतच राहतं. पंगतीत बसवला तर वरण वाढेपर्यंत दोनदा उठून येतो. तुम्ही प्रश्न पूर्ण करायच्या आत उत्तर देतो, ते पण वेगळ्याच प्रश्नाचं. खेळात आपला डाव यायची वाट बघवत नाही म्हणून बिल्डिंगमधली पोरं त्याला घेत नाहीत, आणि हे शेवटचं सगळ्यात जास्त लागतं त्याला, मार्कांपेक्षा कितीतरी जास्त.

मुलींकडे वेगळं लक्ष द्या. मुलींमध्ये बरेचदा धावपळ नसतेच, नुसतं हरवलेलं असणं असतं. शांत बसते, बाईंना त्रास नाही, खिडकीबाहेर बघते, रिझल्टवर शेरा "हुशार आहे पण मेहनत कमी पडते". हा पण एडीएचडी असू शकतो, लक्ष न लागण्याचा प्रकार, आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही म्हणून या मुलींचं निदान खूप उशिरा होतं, काहींचं तर होतच नाही.

"पण टीव्हीसमोर दोन तास हलत नाही, मग लक्ष कसं नाही?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. लक्ष नसतंच असं नाही हो, ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं हे त्याच्या हातात नसतं. गेम दर दोन सेकंदाला काहीतरी देतो, पाढे काही देत नाहीत. मोबाईलमुळेच एडीएचडी होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण मोबाईल झोप खातो आणि झोप गेली की सगळी लक्षणं दुप्पट, त्यामुळे रात्री फोन बाहेरच्या खोलीत. साखरेबद्दल पण तेच विचारतात. १९९० च्या दशकात मुलांना आणि आईबाबांना न सांगता साखर आणि नकली गोडी आलटून पालटून देऊन अभ्यास झालेत, फरक दिसला नाही. पेढा खाऊ दे त्याला.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोनतीन गोष्टी तपासून घ्या कारण त्या एडीएचडीसारख्या दिसतात. डोळे आणि कान. रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, कारण ॲडेनॉइड किंवा टॉन्सिल वाढलेले असले तर झोप मोडते आणि दिवसा पोरगं चिडचिडं नि चंचल. हिमोग्लोबिन, आयर्न, थायरॉइड हे डॉक्टर सांगतीलच. मध्येच काही सेकंद टक लावून एकदम ब्लँक होत असेल, हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नसेल, तर व्हिडिओ काढून दाखवा, तो फिटचा एक प्रकार असू शकतो. घरात काही मोठं घडलंय का, भांडणं, मृत्यू, शाळेत कुणी छळतंय का, हे पण प्रामाणिकपणे सांगा.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण असा हिशोब आहे, म्हणजे एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला शेजारी बसतात, आणि सहा वर्षांच्या पोरात एक वर्ष म्हणजे केवढा फरक! कॅनडा, तैवान वगैरे ठिकाणी मोठे अभ्यास झालेत, वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो. तुमचं मूल नोव्हेंबर डिसेंबरचं असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

जायचं कुणाकडे? बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर. दोन्ही जवळपास नसतील तर आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या. मुंबईत सायन, केईएम, नायर, पुण्यात ससून, इथे ओपीडी आहेत, गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, पण खिशाला परवडतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी सेंटर असतं का विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत जी तपासणी होते तिच्या यादीत एडीएचडी पण आहे, ० ते १८ वयासाठी. काहीच सुचत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

रक्त तपासून, एमआरआय किंवा ईईजी करून एडीएचडी कळत नाही. "ब्रेन मॅपिंग करू" म्हणून कुणी मोठं पॅकेज सांगत असेल तर बाहेर या. निदान होतं ते बोलून, बघून आणि फॉर्म भरून. आईबाबांचा एक फॉर्म, शिक्षकांचा वेगळा, व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्स नावाचे असतात, आपल्याकडे भारतात बनवलेलं इनक्लेनचं टूल पण वापरतात. फॉर्म भरताना नवरा-बायकोने वेगवेगळा भरा, एकत्र बसून भरला की जो जास्त बोलतो त्याचाच फॉर्म होतो. सोबत न्यायला जुने सगळे रिझल्ट, शेरे असलेली डायरी, आणि चालू वह्या. वह्या विसरू नका. पहिल्या पानावर सुंदर अक्षर, तिसऱ्या पानावर सुटलेली वाक्यं, पाचव्या पानावर विमान, हे बघून डॉक्टरांना पाच मिनिटात जे कळतं ते आपल्या अर्ध्या तासाच्या कहाणीतून कळत नाही.

आता घर. इथे जरा जास्त लिहिते कारण खरी कुस्ती इथेच.

स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं काही पोचत नाही, सोडून द्या ते. उठा, जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजरेला नजर मिळाली की एक गोष्ट सांगा, एकच, आणि "काय सांगितलं मी?" असं त्याच्याकडून वदवून घ्या. "दात घास, कपडे घाल, दप्तर भर आणि दूध पी" ही चार कामं आहेत, त्यातलं पहिलं पोचेल, बाकीची बेसिनपाशीच विरघळतात. दप्तर भरायचं काम रात्री, आणि दप्तर दारात, अक्षरशः उंबऱ्याला टेकून, म्हणजे ओलांडल्याशिवाय जाताच येणार नाही. मोजे बुटातच कोंबून. युनिफॉर्म खुर्चीवर घालायच्या क्रमाने. सकाळची कामं चित्रं काढून बाथरूमच्या दारावर चिकटवा, आपल्या तोंडापेक्षा ते चित्र जास्त वेळ टिकतं आणि चिडत पण नाही.

वेळेचं गणित तर वेगळंच. या मुलांच्या घड्याळात दोनच वेळा असतात, आत्ता आणि कधीतरी. "दहा मिनिटांत आवर" याला काही अर्थ नाही. वेळ दिसली पाहिजे किंवा ऐकू आली पाहिजे. वाळूचं घड्याळ, टायमर, काहीही, आमच्याकडे कुकर चालतो, "तीन शिट्ट्या व्हायच्या आत अंघोळ", हिशोब काटेकोर नाही पण बाथरूमपर्यंत आवाज जातो आणि दुसऱ्या शिट्टीला आतून "आलो आलो" ऐकू येतं.

होमवर्क सलग तासभर नाहीच. दहा पंधरा मिनिटं काम, पाच मिनिटं उठून काहीतरी हालचालीचं, पाणी आण, दोरीच्या उड्या मार, पण मोबाईल नाही कारण तिथून परत आणणं म्हणजे नवीन युद्ध. टेबलावर एकच वही. गणिताचं पान मोठं असेल तर खालचा भाग कोऱ्या कागदाने झाका, चारच गणितं दिसू देत. पाय हलवत बसला, उभं राहून लिहिलं तर लिहू दे, लक्ष पायात नसतं. आणि तुम्ही शेजारी बसा, शिकवायला नाही, नुसतं आपलं काम घेऊन, भाजी निवडा, हिशोब करा. माणूस शेजारी असलं की ही मुलं दुप्पट टिकतात, का ते विचारू नका पण टिकतात.

बक्षिसाचं. "वार्षिक परीक्षेत ८० टक्के पाड, सायकल घेऊन देते" हे जुलैमध्ये सांगून काय उपयोग, मार्च त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. त्याऐवजी रोजचे पॉइंट्स. तीनच गोष्टी निवडा, जास्त नाही, आणि "गोंधळ घालायचा नाही" असं नाही तर काय करायचं ते लिहा, "सातच्या आत बूट घालून दारात", "डायरीत होमवर्क उतरवलेला", "जेवताना ताट संपेपर्यंत जागेवर". केलं की लगेच टिक, लगेच म्हणजे त्याच मिनिटाला, आणि संध्याकाळी त्याच दिवशी पॉइंट वटवायचे, आजोबांबरोबर कॅरमचा एक डाव जास्त, रात्रीची गोष्ट, अर्धा तास सायकल. महागाच्या वस्तू नकोत. दोन तीन आठवड्यांनी बक्षीस शिळं होतं, मग बदला, त्यात "सिस्टीम फेल गेली" असं काही नाही. शिक्षा लागलीच तर छोटी आणि तिथल्या तिथे, आठवडाभर टीव्ही बंद केला तर बुधवारी कशासाठी बंद आहे ते त्याला आठवत पण नसतं. कौतुक मात्र नेमकं करा, नुसतं "गुड बॉय" नाही, "आज स्वतःहून बाटली दप्तरात ठेवलीस" असं.

मारण्याबद्दल काय लिहू. "आमच्या वेळी दोन फटक्यात सरळ व्हायची पोरं" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. फटका बसल्यावर मूल त्या मिनिटापुरतं थांबतं, पुढच्या वेळी थांबायची यंत्रणा त्याच्यात तयार होत नाही, उलट खोटं बोलायला शिकतं. काकांना चहा द्या आणि विषय बदला.

एक सेफ्टीचं. उतावळेपणामुळे या मुलांना अपघात जास्त होतात, हे खरंच आहे. गॅलरीचं ग्रिल, गॅस, दिवाळीत फटाके, सहलीला धरणाचं किंवा समुद्राचं पाणी, इथे "सांगितलंय त्याला" यावर विसंबू नका. रस्त्यावर हात बाकीची आई-बाबा सोडतात त्यापेक्षा दोन तीन वर्षं जास्त धरा, लाजला तरी. आणि आठवी-नववीत स्कूटीची चावी देणं तर अजिबात नाही, तसं ते कायद्याने कुणालाच नाही पण आपल्याकडे देतात म्हणून सांगितलं.

गोळ्या. यावर घराघरात भांडणं होतात. सहा वर्षांच्या आत सहसा औषध नाही, आधी आईबाबांना वागणुकीचं ट्रेनिंग. सहाच्या पुढे त्रास जास्त असेल तर औषध आणि वागणुकीचं काम दोन्ही बरोबर. मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. हे उत्तेजक गटातलं आहे, मग आधीच चंचल पोराला उत्तेजक कशाला असं वाटतं ना, तर ते मेंदूच्या ब्रेक लावणाऱ्या भागाला जागं करतं. ही गुंगीची गोळी नाही. मूल झोपाळलेलं किंवा दगडासारखं झालं तर डोस चुकतोय, लगेच सांगा. साधी गोळी अर्ध्या पाऊण तासात सुरू होते आणि चारेक तास चालते, जास्त वेळ चालणारी पण मिळते. भूक मरते, म्हणून पोटभर नाश्ता गोळीच्या आधी, डबा अर्धा परत येणार हे धरूनच चाला, आणि संध्याकाळी भूक उघडते तेव्हा थालीपीठ, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, जे खाईल ते. झोप उशिरा लागणं, डोकं दुखणं, पोटात दुखणं होऊ शकतं. वजन, उंची, नाडी, बीपी दर काही महिन्यांनी तपासून वहीत लिहा. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर गोळी सुरू व्हायच्या आधी सांगा.

मिथाइलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच. संपायच्या आठवडाभर आधी शोधा, गणपतीत गावी जाताना तर नक्की. दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन, ते रोज घ्यावं लागतं आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. कुठलंही औषध एडीएचडी बरा करत नाही, त्या त्या वेळेपुरता थांबायला जागा करून देतं, त्या जागेत शिकवायचं काम आपलंच. आणि स्मरणशक्ती वाढवणारी सिरपं, डोळे बांधून वाचायला शिकवणारे क्लास, यांचे पैसे वाचवा.

शाळा. तक्रार घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. पन्नास साठ पोरांच्या वर्गात बाईंकडून दहा गोष्टींची अपेक्षा धरली तर एकही होणार नाही, दोन मागा. पहिली म्हणजे जागा, पुढे, दार-खिडकीपासून लांब, शांत मुलाशेजारी. दुसरी, मध्ये मध्ये उठायचं काम, वह्या वाटणं, फळा पुसणं, ऑफिसात निरोप नेणं. उठणार तर तो आहेच, मग कामासाठी उठू दे. सूर जुळले की मग पुढचं विचारा, येत असलेल्या गणितांपैकी एक सोडून एक चालेल का, होमवर्क डायरीत उतरला का ते सही करून बघाल का.

बोर्डाच्या सवलतींबद्दल लोक फार उशिरा जागे होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता म्हणजे एलडी आहे, एडीएचडी वेगळा नाही. पण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना एलडी पण असते, वाचनात, लिहिण्यात किंवा गणितात, म्हणून स्पेलिंग, अक्षर, वाचनाचा वेग फारच मागे असेल तर तिची टेस्ट वेगळी करून घ्या. तिच्या सर्टिफिकेटवर जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हे काम आठवीपासून सुरू करा, दहावीच्या जानेवारीत सिव्हिलच्या रांगेत उभं राहून होत नाही.

मोठेपणी जातं का? धावपळ बहुतेकांची कमी होते, विसरणं, टाळणं, वेळेचा गोंधळ बऱ्याच जणांचा राहतो. म्हणून दरवर्षी जूनमध्ये नवीन वर्गशिक्षक आले की पहिल्या आठवड्यातच ते एक पान नव्याने द्यायचं, आधीच्या बाई सांगतील या भरवशावर राहायचं नाही. वर त्याला काय छान येतं ते दोन ओळीत, मग निदान काय आणि औषध किती वाजता, मग गेल्या वर्षी वर्गात काय चाललं, काय अजिबात नाही चाललं, आणि खाली आपला फोन नंबर. पान मराठीत चालेल, हाताने लिहिलेलं पण चालेल, फक्त एकाच बाजूला लिहा, दोन पानं झाली की कुणी वाचत नाही. एक झेरॉक्स पीटीच्या सरांना द्या, सगळ्यात जास्त शिक्षा मैदानातल्या रांगेतच होतात.